जुन्या वकिली ऑफिसांचे कागद वाचवा

मा. संपादक,
बाप, मुलगा, आता नातू अशी चालत आलेली वकिलांची ऑफिसं पणजी-मडगावात अजून आहेत, त्यांचा इतिहास कुणीतरी लिहायला हवा. १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड (लग्न, वारसा, मालमत्तेचा कायदा) इथे १८७० पासून लागू, १९६१ ला पोर्तुगीज गेले पण कोड राहिला, मग १९८२ ला मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ पणजीत आलं, हे सगळं या ऑफिसांनी बघितलंय. आमच्या वाटणीची इन्व्हेंटरी (वारसांत मालमत्ता वाटायची कोर्टाची प्रक्रिया) निघाली तेव्हा आजोबांच्या वेळचे पोर्तुगीज कागद अशाच एका ऑफिसाच्या कपाटातून निघाले, सुतळीने बांधलेले, कडा वाळवीने खाल्लेल्या, आणि ते वाचू शकणारा एकच म्हातारा कारकून! नव्या वकिलांना पोर्तुगीज येत नाही, त्यांचा दोष नाही म्हणा. पण पुराभिलेख खात्याने हे कागद निदान स्कॅन तरी करून घ्यावेत, तेही पावसाळ्याआधी.
– एक वाचक, फोंडा