पाऊस जूनमध्ये, पैसे फेब्रुवारीत: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: विद्यापीठ व महाविद्यालयांतील संशोधनास मिळणाऱ्या साहाय्याची वेळ, मुदत आणि लेखाशीर्षे

महोदय,
सादर नमस्कार.

सोलापूरहून पुण्याकडे निघाले की शहर संपता संपता केगावला दोन संस्था लागतात. एक पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ, जे १ ऑगस्ट २००४ रोजी शिवाजी विद्यापीठापासून वेगळे होऊन केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले. दुसरी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र, २००५ सालचे. या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो आणि महाविद्यालयाच्या संशोधन समितीवर असल्यामुळे इतिहासापासून रसायनशास्त्रापर्यंतचे प्रस्ताव माझ्या टेबलावरून जातात. संशोधनाला पैसा कमी मिळतो, ही तक्रार आपण पुष्कळदा ऐकली असेल. माझी तक्रार थोडी निराळी आहे. जो पैसा मिळतो तो कोणत्या महिन्यात, कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे कोणत्या प्रकारच्या खर्चासाठी, आणि किती वर्षांसाठी मिळतो, याचा त्या त्या विषयाच्या कामाशी मेळ बसत नाही.

स्वतःच्याच प्रकल्पापासून सुरुवात करतो. विषय डाळिंबावरील तेल्या रोगाचा होता. हा जिवाणूजन्य रोग दमट, पावसाळी हवेत झपाट्याने पसरतो, त्यामुळे मृग बहराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या, बागांतून त्याचे नमुने घ्यायचे ते जून ते सप्टेंबर या काळात. प्रकल्प मंजूर झाल्याचे पत्र एप्रिलमध्ये आले, म्हणून जूनची तयारी करून ठेवली. पहिला हप्ता मात्र महाविद्यालयाच्या खात्यात जमा झाला तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि सोबतच्या पत्रात ३१ मार्चपूर्वी रक्कम खर्च करून विनियोग प्रमाणपत्र पाठवावे, अखर्चित रक्कम परत करावी, असे बजावलेले होते. फेब्रुवारीत तेल्याचे नमुने कोठून आणायचे? मग सगळे करतात तेच मीही केले. लागतील न लागतील ती रसायने मार्चअखेर विकत घेतली, प्रमाणपत्र पाठवले, आणि प्रत्यक्ष नमुने प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांतील काही अभिकर्मकांची मुदत संपलेली होती. कागदोपत्री तो प्रकल्प शंभर टक्के खर्चाचा, म्हणजे यशस्वी ठरला. वरातीमागून घोडे येते ते निदान पुढच्या लग्नाला तरी उपयोगी पडते. मुदत संपलेला अभिकर्मक तेवढ्याही कामाचा नसतो.

याच प्रयोगशाळेत एक स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावणात प्रकाश किती शोषला जातो हे मोजणारे यंत्र, आहे. त्यावर धूळ बसू नये म्हणून आमच्या प्रयोगशाळा परिचरांनी घरची जुनी सोलापुरी चादर आणून घातली आहे, आणि दोन वर्षांत ती चादर कोणी उचललेली नाही, कारण यंत्राचा दिवा गेला आहे. नवे यंत्र हवे असेल तर प्रस्ताव करता येतो, त्यावर बैठक होते, उद्घाटनही होते. जुन्या यंत्राचा दिवा आणि तो बसवायला पुण्याहून येणाऱ्या तंत्रज्ञाचे शुल्क कोणत्या शीर्षाखाली टाकावे, हे मात्र कोणीच सांगू शकत नाही. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये वैज्ञानिक उपकरणे व साहित्याच्या थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये केली, ती संशोधकांच्या अशाच अडचणी ओळखून. तशीच मोकळीक राज्याच्या विद्यापीठांना आणि संलग्न महाविद्यालयांना स्पष्ट शब्दांत मिळावी, आणि प्रत्येक यंत्राच्या मंजुरीबरोबर त्याच्या देखभालीची पाच वर्षांची तरतूद बांधलेली असावी, ही माझी पहिली विनंती आहे.

आता विज्ञानाबाहेरच्या विषयांकडे वळतो, कारण तेथील अडचण अधिक चमत्कारिक आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा आणि सीना यांच्या संगमावरील मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा लेख आहे, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या ज्ञात शिलालेखांत त्याची गणना होते. या जिल्ह्यातील शिलालेखांच्या मागे आनंद कुंभार यांनी उभे आयुष्य घालवले, तेही कोणत्याही विद्यापीठात प्राध्यापक नसताना. आज हे काम पुढे नेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला यंत्र लागत नाही. लेखाचा ठसा घ्यायचा तर दगड स्वच्छ करायचा, ओला कागद त्यावर चिकटवायचा, ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवायचा आणि किंचित सुकला की शाईचा बोळा हलक्या हाताने फिरवायचा. भोवताल काळा होतो, अक्षरे पांढरी उमटतात. साहित्याचा खर्च काही शे रुपयांचा, खरा खर्च गावोगाव फिरण्याचा. आमच्या इतिहास विभागातील एका विद्यार्थ्याने अशा फिरण्याचा हिशेब दिला, तेव्हा वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपचे जीएसटी क्रमांकासह बिल जोडावे, असा शेरा मारून तो परत आला. वडापवाला जीएसटीचे बिल देत नाही, हे लेखा विभागात बसणाऱ्यांनाही माहीत असते, कारण त्यांच्यातलेही काही जण त्याच जीपने गावी जातात. विद्यार्थ्याने अखेर पदरचे पैसे घातले आणि तीन गावे यादीतून वगळली.

अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचे काम विडी कामगार महिलांच्या मजुरीवर आहे. सोलापूरच्या पूर्व भागात या घरांतून तेलुगू बोलली जाते, काही वस्त्यांत कन्नड आणि उर्दू. मजुरीविषयी, मुकादमाविषयी, खराब म्हणून बाजूला काढल्या जाणाऱ्या विड्यांविषयी बाई मोकळेपणाने बोलते ती स्वतःच्या भाषेत, आणि तेही दिवसभराच्या विड्या कारखान्यात देऊन आल्यावर. म्हणजे दुभाषी हवी आणि तिला संध्याकाळचे मानधन हवे. प्रस्तावाच्या नमुन्यात उपकरणे, रसायने, प्रवास, आकस्मिक खर्च अशी शीर्षे छापलेली आहेत, दुभाषीचे शीर्ष नाही. तो नमुना बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळाच असावी, हे उघड आहे. केंद्राच्या २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्यासाठी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांची कल्पना मांडली गेली. परंतु त्यातील मोठा वाटा सरकारबाहेरून, उद्योगांकडून आणि देणगीदारांकडून येणे अपेक्षित आहे, आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे त्या कायद्यात येतात ती विज्ञान-तंत्रज्ञानाला जेथे स्पर्श करतात तेवढीच. शिलालेखाला किंवा विडी कामगाराच्या मजुरीला कोणता उद्योग पैसे देणार? म्हणूनच या विषयांची जबाबदारी राज्यावर अधिक येते. विद्यापीठाच्या स्तरावर अशा छोट्या कामांसाठी एक निधी असावा, ज्यातून ५० हजारांपर्यंतची रक्कम विभागप्रमुखाच्या शिफारशीवर महिन्याभरात मिळेल आणि जेथे पावती मिळणे शक्य नाही तेथे मार्गदर्शकाने साक्षांकित केलेली प्रवासनोंद ग्राह्य धरली जाईल.

मुदतीचा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही, आणि त्याचे उत्तरही येथेच सापडते. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना सोलापुरात १९३३ मध्ये सुरू झाली, आणि ती दोन-तीन पावसाळ्यांत गुंडाळली गेली नाही. मोहोळच्या केंद्रात मालदांडी ज्वारीतून निवडलेले एम ३५-१ हे वाण त्याच दशकातले. आजही रब्बीत ते पेरले जाते आणि त्याची भाकरी आपण खातो. अवर्षणाच्या प्रदेशात एक वर्ष पाऊस होतो, दुसऱ्या वर्षी होत नाही, तिसऱ्या वर्षी अवेळी होतो. तीन वर्षांच्या प्रकल्पात असा एखादाच फेरा हाती लागतो आणि त्यावरून काही बोलणे धाडसाचे ठरते. नान्नजच्या परिसरात, जेथे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झाले, गवताळ माळाचा अभ्यास करणाऱ्यांनाही हीच अडचण येते. बहुधा एका वेळी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याविषयी किंवा त्याच्या माळाविषयी छत्तीस महिन्यांत काय सिद्ध करणार? अशा कामांना दहा वर्षांची मंजुरी द्यावी, दर तीन वर्षांनी कठोर तपासणी ठेवावी, पण दरवर्षी मार्चमध्ये ते काम मारून पुन्हा जूनमध्ये जिवंत करण्याचा प्रकार थांबवावा.

मार्गदर्शकांविषयी लिहायलाच हवे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तासिका तत्त्वावरील शिक्षक, मग तो कितीही विद्वान असो, मार्गदर्शक होऊ शकत नाही. तेव्हा सहायक प्राध्यापकाचे एक पद रिक्त ठेवून वेतनाची बचत होते असे वित्त विभागाला वाटत असेल, तर त्याच वहीत चार संशोधकांच्या जागा गेल्याची नोंदही व्हायला हवी. विषय छोटा असेल तर जिल्ह्यात त्याचा एकच मार्गदर्शक असतो. तो निवृत्त झाला की तो विषयच बंद होतो.

अधिछात्रवृत्तीविषयी थोडक्यात सांगतो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ही वृत्ती देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या राज्याच्या संस्था आपल्या खात्याच्या नाहीत, पण त्यांचे अधिछात्र आपल्याच विद्यापीठांत बसतात. महिन्याला ३७,००० रुपये हा आकडा चांगला आहे. तो अनेक महिन्यांनी एकदम जमा झाला तर मधल्या काळात मुलगा शिकवण्या घेतो आणि मुलीचे घरचे लग्नाचा विषय काढतात. संबंधित खात्यांच्या मंत्र्यांशी बोलून ही रक्कम दरमहा ठरावीक तारखेला जमा होईल, एवढी व्यवस्था आपण घडवून आणू शकता.

यातील बहुतेक गोष्टींना नवा पैसा फारसा लागत नाही, मात्र शासन निर्णय लागतो. तो मे महिन्याच्या आत निघाला, तर यंदाच्या मृग बहराच्या बागांत माझे विद्यार्थी वेळेवर पोहोचतील. वगळलेली तीन गावेही इतिहास विभागातील त्या विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहेत.

कळावे,

आपला विश्वासू,
वनस्पतिशास्त्राचा एक अध्यापक
सोलापूर