नाना, बऱ्हाणपूरचे कंद आणू नका

टली, क्वीन्सलँड, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इथलं केळीच्या बागेतलं काम या आठवड्यात संपतंय. हिशोब हातात पडला की केर्न्सहून निघेन, पितृपक्षात घरी पोचेन.

आई फोनवर म्हणाली, नाना केळीच्या कांदेबागेसाठी, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या लागवडीसाठी, बऱ्हाणपूरकडून कंद आणताहेत, प्रयोगशाळेत वाढवलेल्या टिश्यूच्या रोपांपेक्षा स्वस्त पडतात म्हणून. नाना, हात जोडून सांगतो, तो सौदा थांबवा. फोनवर हे नीट बोलून होत नाही, म्हणून लिहितोय.

या भागात मार्च २०१५ मध्ये एका शेतात केळीचा पनामा मर रोग निघाला, टीआर फोर प्रकारचा. बुरशी मुळांतून खोडात शिरते, पानं कडेने पिवळी पडून खोडालगत लोंबतात. खोड चिरलं तर आत तांबूस-काळ्या रेषा. औषध नाही. झाडं नष्ट केली तरी बुरशी मातीत कित्येक दशकं जिवंत राहते. इथली केळी काय, आपली जी-नाईन काय, सगळी कॅव्हेंडिश या एकाच गटातली, त्यामुळे आपलीही सुटणार नाही. शेवटी उत्पादकांच्या संघटनेने २०१६ साली ते शेत विकत घेऊन तिथली केळी कायमची बंद केली. एका शेतकऱ्याची चांगली पिकती जमीन! मला ते ऐकून आपलं नदीकाठचं वावर आठवलं आणि त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून इथे मातीवरच पहारा आहे. बाहेरची गाडी गेटच्या आत येत नाही. आपले बूट गेटवर काढायचे, शेताचे घालायचे, जंतुनाशकाच्या हौदात पाय बुडवायचे, मग आत. रानडुकरं पायांनी चिखल आणतात म्हणून कुंपण. आणि पाऊस आपल्या पाचपट तरी! गावात ७.९ मीटर उंचीचा सोनेरी गमबूट उभा केलाय, १९५० साली तेवढा पाऊस पडला होता म्हणून. एवढ्या चिखलात ही माणसं एका शेताची माती दुसऱ्या शेतात जाऊ देत नाहीत. रोग अजून मोजक्या शेतांपुरताच आहे, तो या शिस्तीमुळे.

आपल्याकडे कटाईची टोळी सकाळी सावद्याला आणि दुपारी आपल्या बागेत. विळे तेच, चपला त्याच. हा रोग बिहारमध्ये आणि उत्तर प्रदेशात सापडलेला आहे, आणि आपला माल उत्तरेतच जातो. ट्रक तिकडून परत येतात ते चाकांना माती घेऊनच. त्यात कंद म्हणजे दुसऱ्याच्या बागेची माती आपण पैसे देऊन घरात घेणं. सीएमव्ही या विषाणूच्या रोगात झाडं उपटताना तुम्ही बांधावर बसून राहिला होता. पण पुढच्या वर्षी त्याच वावरात पुन्हा बाग लावता आली. टीआर फोर आला तर लावता येणार नाही.

बाकी शिकलो ते आल्यावर दाखवेन. केळीचं कमळ, म्हणजे केळफूल, बाहेर पडू लागलं की त्यात सुईने औषध देतात, घडावरचा किडीचा डाग त्यामुळे कमी होतो. २०११ च्या यासी चक्रीवादळाआधी काही शेतकऱ्यांनी पानं छाटून टाकली, वारा कमी धरला जाऊन खोडं वाचली. आपली मे-जूनची वावटळ सांगून येत नाही, तेव्हा तो उपाय आपल्याला लागू नाही असं मला वाटतं.

पॅकिंग शेडमध्ये माझ्यासोबत पॅसिफिकमधल्या वानुआतू बेटांची माणसं होती. वर्षातले कितीतरी महिने लेकराबाळांपासून लांब राहून घरी पैसे पाठवतात. त्यांना सोडून येताना जड जातंय. मालकीणबाईंनी स्वतः केर्न्सपर्यंत सोडते म्हटलंय.

माझे बूट आणि कामाचे कपडे मी इथेच टाकून येतोय, आणि आल्या आल्या बागेत पाय ठेवणार नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. कांदेबाग पंधरा दिवस उशिरा लागली तरी चालेल. जळगावहून टिश्यूची रोपं घेऊ, वरचा खर्च माझ्या पैशांतून. फाटकाशी पाय धुवायचा हौद बांधायला गवंडी सांगून ठेवा. टोळीच्या मुकादमाशी मी स्वतः बोलेन, त्यालाही हे पटेल.

आई, पहिल्या दिवशी कळण्याची भाकरी आणि ठेचा कर, दुसरं काही नको. ताईला आणि भाच्यांना बोलावून घे.

नाना, कंदवाल्याला आजच नाही म्हणून कळवा. विसार दिला असेल तर जाऊ द्या.

तुमचा,
हेमंत