उन्हाच्या मुलखात सरड्याला मुडदूस

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत सरडे, इग्वाना पाळणाऱ्या पोरांचे फोटो होते, खांद्यावर सरडा अन् हातात मोबाईल, अन् खाली लिहिलं होतं की कुत्र्या-मांजरापेक्षा यांचं करायला सोपं. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहायलेय. जरा लांबेल, काटछाट करा.

आमच्या घरी शॅमेलिऑन आहे, रंग बदलणारा सरडा. आपल्या रानातला नाही, येमेन-सौदीकडचा, व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात त्याला, डोक्यावर फेट्यासारखा उंच तुरा असतो. लेकानं पुण्यात मित्राकडून घेतला, सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद वगैरे केली (२०२४ पासून यादीतल्या परदेशी प्राण्यांची ती करावीच लागते), पण होस्टेलवाल्यांनी हाकललं, मग दिवाळीच्या सुट्टीत बीडला आणून ठेवला अन् स्वतः गेला परत. पाय उचलतो, जरा पुढंमागं डुलतो, मग टाकतो, म्हणून सासऱ्यांनी नाव ठेवलं म्हातारबा.

दुकानदारानं काचेची पेटी, एक पिवळा बल्ब अन् पाण्याची वाटी दिली होती. आम्ही रोज वाटी विसळून भरायचो अन् तो थेंबभर पीत नव्हता, मला वाटायचं यांना पाणी लागतच नसेल, वाळवंटी जीव. फेब्रुवारीत बघते तर डोळे खोल गेलेले, दिवसा मिटलेले, विष्ठेतला पांढरा भाग असतो तो नारंगी झालेला. अंगाचा रंग काळपट. आपल्याकडं कोणी पक्ष बदलला की सरड्यासारखा रंग बदलला म्हणतात, पण या बिचाऱ्याचा रंग बदलतो तो थंडी वाजली, भीती वाटली, दुखलं-खुपलं की. मग एक दिवस फांदीवरून पडला. पुढचा पाय धनुष्यासारखा वाकलेला, अन् किड्यावर जीभ मारायला जायचा तर ती पुरती बाहेरच येईना.

जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. माणूस सरळ, बोलले, "ताई, मी म्हशीचा डॉक्टर, याला हात लावला तर मोडंल." मला राग नाही आला. राग आला तो दुकानदाराचा, फोन केला तर म्हणतो लेकरांचं कॅल्शियमचं औषध येतं ना मेडिकलमध्ये, ते झाकणभर पाजा. झाकणभर! पूर्ण सरड्याचं वजन ६२ ग्रॅम, किचनच्या काट्यावर मोजलं होतं. गाईचं औषध किलोवर ठरतं तसं याचं ग्रॅमवर ठरतं, अन् त्यातलं डी व्हिटॅमिन जास्त झालं तरी जीव जातो.

शेवटी लेकाच्या मित्राच्या ओळखीनं पुण्यात सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर मिळाले. रात्रीची ट्रॅव्हल्स, मांडीवर भोकं पाडलेला खोका, ड्रायव्हरला तीनदा सांगून वरचा एसी बंद करायला लावला कारण अंग गार पडलं की यांचं पचनसुद्धा थांबतं. एक्स-रे काढला, हाडं नीट दिसतच नव्हती, नुसती फिकट सावली. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई पटकन म्हणाल्या, "अगं, हा तर मुडदूस." अन् खरंच तेच. उन्हातले यूव्हीबी किरण कातडीवर पडले की अंगात डी३ व्हिटॅमिन तयार होतं, ते असलं तर खाल्लेलं कॅल्शियम लागू पडतं, नसलं तर शरीर स्वतःच्याच हाडातून कॅल्शियम ओढत राहतं. पिवळ्या बल्बमधून ते किरण येतच नाहीत अन् खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. आम्ही पेटी मुद्दाम खिडकीशी ठेवायचो, ऊन मिळावं म्हणून! मराठवाड्यात ऊन कमी आहे का हो, दुष्काळ मोजावा तेवढा थोडा, पण उन्हाचा कधी पडलाय? अन् आमच्या घरात एक जीव उन्हावाचून वाकडा झाला.

मग सगळंच बदललं. डॉक्टरांनी वजनावर औषध काढून दिलं, ते सुईशिवायच्या सिरिंजनं गालाच्या कडेला थेंब-थेंब, घाईत नाही, नाहीतर श्वासनळीत जातं. काचेची पेटी काढून तारेच्या जाळीचा पिंजरा केला, वर यूव्हीबीची ट्यूब (ती दिसायला पेटत असली तरी सहा महिने ते वर्षात बदलावी लागते, किरण आधीच संपलेले असतात). हाडं ठिसूळ म्हणून फांद्या खाली, जवळजवळ, तळाला जुनं गोधड्याचं कापड. अन् पाणी! हे साचलेलं पाणी पीत नाहीत, पानावरचा हलणारा थेंब दिसला तरच जीभ लावतात. म्हणून रिकामी सलाईनची बाटली धुऊन पिंजऱ्यावर टांगली, नळी जास्वंदाच्या कुंडीवर सोडली, चाक फिरवून थेंबाचा वेग ठरवायचा. जास्वंदाची पानं तर तो खातोसुद्धा. पहिल्या दिवशी अकरा मिनिटं पीत होता, मी घड्याळ लावून बघत बसले होते, भाजी करपली.

खाण्याचं अजून अवघड. रातकिड्यात कॅल्शियम कमी अन् फॉस्फरस जास्त, म्हणून आधी रातकिड्यांना शेवग्याचा पाला, गाजर खाऊ घालायचं अन् मग देताना वरून कॅल्शियमची पावडर चोळायची. गल्लीतली पोरं सोयाबीनच्या वावरातून नाकतोडे डबा भरून आणायची, मी हौसेनं घ्यायचे, डॉक्टर ऐकून उडालेच, म्हणाले फवारणी झालेल्या रानातला एकही किडा देऊ नका. अन् काजवा तर चुकूनही नाही, एक-दोन काजव्यांतसुद्धा जीव जाऊ शकतो.

आता सकाळी साडेसातला पिंजरा गच्चीवर, अर्ध्यावर ओलं पोतं टाकून, म्हणजे त्याला पाहिजे तेव्हा सावलीत जाता येतं. नऊच्या आत खाली. एप्रिल-मेचं आपलं ऊन त्याला अर्ध्या तासात मारून टाकंल, हे उन्हाचं औषध असं मापातच द्यावं लागतं. वजन ८८ ग्रॅम झालंय. पाय वाकडा तो वाकडाच राहणार, पण पकड आलीय, जीभ सुटते.

पण पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच. हे सगळं गावभर झाल्यावर परवा एक जण शेतातून पिशवीत आपला देशी शॅमेलिऑन घेऊन आला, घोयरा म्हणतात तो, म्हणे तुमच्याकडं एक आहे ना, जोडी लावा. हे प्राणी एकटे राहणारे, दुसरा नुसता नजरेला पडला तरी खाणं सोडतात. अन् आपला घोयरा १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, पकडणं, घरी ठेवणं गुन्हा. विषारी नसतो, थुंकत नाही, कोणावर साडेसाती आणत नाही. मादी अंडी घालायला झाडावरून जमिनीवर उतरते तेव्हा सापडते लोकांना, अन् लोक दगड घेतात. तो होता तिथंच बांधावरच्या बाभळीवर सोडून यायला लावला. जखमी असला तर वन विभागाचा १९२६ नंबर आहे, तो फिरवावा.

परभणीला अन् उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत आपल्या भागात. तिथं महिन्यातून एक दिवस तरी अशा जनावरांची ओपीडी अन् बाकी दिवस व्हिडिओ कॉलवर सल्ला, एवढं सुरू करता येईल का, याची तुमच्या बातमीदारानं जरा चौकशी करावी. आजारी सरडा मांडीवर घेऊन रात्रभर जागायचं मला परत जमणार नाही, कंबर धरली होती आठ दिवस.

अन् पत्र छापलं तर माझं नाव-पत्ता टाकू नका, नुसतं बीड लिहा. मागच्या वेळी अख्खी गल्ली बघायला आली होती, तो दोन दिवस काळा पडून कोपऱ्यात बसला.

– एक वाचक, बीड