लेकरांना गणित सोडायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लातूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी ३१ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. यंदा औसा तालुक्यातली एक नात्यातली मुलगी अकरावीच्या प्रवेशासाठी आमच्याकडे उतरली होती. तिला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही हवं होतं. टेबलावर बसलेल्या सरांनी अर्ज हातात घेतला, गणितासमोरची खूण लाल पेनानं खोडली आणि म्हणाले, "मेडिकलसाठी नीट परीक्षा द्यायचीय ना? मग हे ओझं कशाला?" पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मला बोलता येईना, कारण हाच सल्ला मीही कितीतरी लेकरांना दिलेला आहे.

शास्त्रज्ञ वेंकी रामकृष्णन यांची हकिकत त्या सरांनाही आणि आपल्या पालकांनाही सांगावीशी वाटते. १९५२ साली चिदंबरमला जन्म, शिक्षण बडोद्याला. मेडिकलला प्रवेश मिळाला होता. पण राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध शिष्यवृत्ती मिळाली आणि ते मेडिकल सोडून भौतिकशास्त्राच्या बी.एस्सी.ला गेले. आपल्याकडे असं कुणी केलं तर गाव गोळा होईल! पुढे १९७६ मध्ये अमेरिकेत भौतिकशास्त्रातच पीएच.डी. झाली. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपलं मन जीवशास्त्राकडे ओढ घेतंय. पदवी हातात, घरी संसार, तरी हा माणूस सॅन दिएगोच्या विद्यापीठात पुन्हा विद्यार्थी म्हणून बसला आणि जीवशास्त्र पायापासून शिकला. पुढे नोकरीसाठी पन्नासेक विद्यापीठांकडे अर्ज केले, ते वाया गेले.

त्यांनी आयुष्य घातलं ते रायबोसोमवर. पेशीतला हा कारखाना जनुकांचा निरोप वाचून प्रथिनं बनवतो. त्याचे स्फटिक करायचे, त्यांवर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या हजारो ठिपक्यांवरून एकेका अणूची जागा काढायची. ठिपक्यांवरून अणूंपर्यंत नेतं ते गणित. २००० साली केंब्रिजच्या प्रयोगशाळेतल्या त्यांच्या गटानं रायबोसोमच्या लहान भागाची रचना मांडली, २००९ मध्ये नोबेल मिळालं, तेही रसायनशास्त्राचं! २०१५ ते २०२० ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते.

हे लांबचं वाटेल. माझ्या भावाच्या डाळिंबाच्या बागेत तेल्या हा जिवाणूंचा रोग आला, की तो स्ट्रेप्टोसायक्लीनची पुडी बादलीत कालवायचा. तिच्यात स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन असतं. ही दोन्ही औषधं जिवाणूच्या रायबोसोमला नेमकी कुठे जाऊन धरतात, हे याच गटानं दाखवलं. भाऊ पाठीवर पंप घेऊन ज्या कारखान्यावर फवारत होता, त्याचा नकाशा एका भौतिकशास्त्रज्ञानं काढला होता.

नीटला देशभरातून वीस लाखांहून जास्त मुलं बसतात, एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या घरात. उरलेल्यांचं काय? गणित सोडलेलं असलं की इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांचं दार बंद, बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेणंही अवघड. शिवाय नीटमध्ये भौतिकशास्त्राचे १८० गुण आहेतच. वर्गात मी पाहिलंय, गणितातलं डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हे कळायच्या आत लेकरं सूत्र पाठ करून मोकळी होतात, प्रश्न जरा फिरवला की अडतात. ज्याला गणित झेपत नाही त्यानं जरूर सोडावं. पण जिला ते आवडतं, तिच्या अर्जावर लाल रेघ का?

मंडळ दोन्ही विषय एकत्र घेऊ देतं. अडतं ते वेळापत्रकात: गणित आणि जीवशास्त्राचे तास एकाच वेळी लावले जातात. लातूर, नांदेड, संभाजीनगरच्या प्राचार्यांनी निदान एक तुकडी तरी अशी ठेवावी, जिथे हे तास एकमेकांवर येणार नाहीत. आपल्या दैनिकानं प्रवेशाच्या हंगामात, कोणत्या महाविद्यालयात अशी सोय आहे त्याची यादी छापली तर खेड्यातून येणाऱ्या पालकांना ती दाखवून मागणी करता येईल. आमच्या मुलीनं दुसऱ्या महाविद्यालयात अर्ज केलाय, सोमवारी मी तिच्यासोबत जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, लातूर