आई-बाबा, डिसेंबर लागायच्या आत बाथरूममधला गिझर हलवायचाय

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच "जेवलीस का" विचारते, म्हणून आता लिहूनच पाठवतेय, बाबांनी चष्मा लावून वाचा. बाथरूममधला गॅस गिझर तिथून काढायचाय. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या सुरू व्हायच्या आत.

आई, दिवाळीत तू म्हणालीस ना की हल्ली आंघोळ करून बाहेर आलं की डोकं धरतं, मळमळतं, मग थोडा वेळ गॅलरीत बसलं की बरं वाटतं, आणि तू पित्त म्हणून मोरावळा खातेस. असेलही पित्त, पण ते नेमकं आंघोळीनंतरच कसं होतं आणि गॅलरीत बसल्यावर आपोआप कसं जातं? मला तर हे गिझरचंच काम वाटतंय.

गॅस जळायला हवा लागते. आपलं बाथरूम एवढंसं, दार बंद, आणि गार वारा येतो म्हणून बाबांनी वरच्या काचेच्या पट्ट्यांवर पुठ्ठा चिकटवलाय. आतला ऑक्सिजन कमी होत गेला की गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. सिलेंडर लीक झाला तर वास येतो कारण त्यात मुद्दाम वासाचं रसायन मिसळलेलं असतं, पण हा वायू जळताना तयार होतो, त्याला कसला वास? त्यामुळे "काही झालं तर कळेलच की" हे बाबांचं नेहमीचं वाक्य इथे चालत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग आधी डोकं जड होतं, गरगरतं, हातपाय गळतात आणि शेवटी कडी काढायचीही ताकद राहत नाही. बाबांची अँजिओप्लास्टी झालीय, त्यांच्या हृदयाला तर थोडा कमी ऑक्सिजनही झेपणार नाही.

आणि बाबा, "ज्योत निळी आहे, सर्व्हिसिंग झालंय" हेही सांगू नका. पिवळी ज्योत वाईटच, पण बंद खोलीत निळी ज्योतसुद्धा हवा संपत आली की तेच करते. एक्झॉस्ट फॅन लावूनही भागत नाही, हवा बाहेर गेली तर तेवढीच आत यायलाही वाट पाहिजे ना. कोरोनाच्या वेळचा तो बोटाला लावायचा ऑक्सिमीटर पण काढून बसू नका, त्याला ऑक्सिजनवालं रक्त आणि ह्या वायूवालं रक्त यातला फरकच कळत नाही, माणूस कोसळायला आलेला असला तरी तो 98 दाखवू शकतो.

तर दोन पर्याय. एक, गिझर बाहेर ड्राय बाल्कनीत लावायचा आणि गरम पाण्याची पाइप आत आणायची, ती बाल्कनी उघडी आहे, मात्र तिला पुढे कधी काचा लावायच्या नाहीत. दुसरा, सरळ इलेक्ट्रिक स्टोरेज गिझर घ्यायचा, मला हाच जास्त पटतो. लाइट बिल वाढेल हे मला माहितीये, ते मी भरेन, त्यावरून वाद नको. तोपर्यंत पुठ्ठा आजच काढा, दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, थोडा वेळ तसंच राहू द्या आणि मग आत जा. आणि हो, आतून कडी लावायची नाही, घरात तिघंच तर आहात, लाजायचंय कोणाला.

आता आजीची शेगडी. रात्री गुडघे शेकायला कोळसे पेटवून बेडरूममध्ये घेते आणि थंडी नको म्हणून खिडक्या लावून झोपते, हे गिझरपेक्षाही वाईट आहे. धूर गेला, नुसते निखारे उरले की आता काही भीती नाही असं तिला वाटतं, पण धुमसणाऱ्या कोळशातूनच हा वायू भरपूर येतो. ती म्हणणार, पंचवटीच्या वाड्यात आम्ही जन्मभर शेगडी वापरली. बरोबर आहे, पण तिथे वर कौलं होती, दाराखिडक्यांना बोटबोटभर फटी होत्या, आपल्या फ्लॅटच्या स्लायडिंग खिडक्यांतून वारा येत नाही. तिला गरम पाण्याची पिशवी द्या.

कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म मी ऑर्डर करतेय. किचनमध्ये आहे तो एलपीजीचा, त्याला हे कळत नाही, हा वेगळा असतो. बेडरूमच्या बाहेर पॅसेजमध्ये लावू, बाथरूमच्या वाफेत नाही. पण अलार्म आला म्हणून गिझर तिथेच राहू दे, असं चालणार नाही हं बाबा.

कधी तो वाजला, किंवा घरातल्या दोघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, तर गोळी शोधत बसू नका, सगळे आधी बाहेर मोकळ्या हवेत या आणि 108 ला फोन करा. कोणी आत पडलं असेल तर दार-खिडकी उघडून लगेच बाहेर ओढा, गिझर हाताशी असेल तर बंद करा. डॉक्टरांना आधी सांगा की घरात गॅस गिझर किंवा शेगडी चालू होती, नाहीतर ते बीपी, शुगर, अटॅक यातच वेळ घालवतील. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला की साधारण तासा-दीड तासात तेवढा उतरतो, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच.

प्लंबरशी मी बोललेय, तो शनिवारी सकाळी येईल. बाबा, त्याला "पुढच्या महिन्यात बघू" सांगून परत पाठवू नका. आणि आई, शेगडीचं आजीला तूच सांग, माझं ती ऐकत नाही.

तुमची,
छकुली