गावच्या शाळेच्या पटाविषयी दादाला

मस्कत

ती. दादास सा. न. वि. वि.

कोल्हापुरात सगळे खुशाल आहात हे कळलं, बरं वाटलं. आईच्या डोळ्यांचं तेवढं दाखवून घे. आज लिहायचंय ते गावच्या शाळेविषयी. फोनवर हा विषय निघतो आणि मध्येच राहून जातो.

काकूनं २६ जानेवारीच्या प्रभातफेरीचा फोटो पाठवलाय. पुढं पोरी, मागं पोरी, मुलगे कुठंतरी मध्ये चार-दोन. विचारलं तर म्हणाली, "मुलग्यांना न्यायला खानापूरची इंग्लिश मीडियमची गाडी दारात येते, पोरींना आपली शाळा आहेच की." म्हणजे एकाच घरातला भाऊ टाय लावून गाडीत आणि बहीण चालत मराठी शाळेत. बाकी पटावर शेतमजुरांची आणि गवळीवाड्यावरची मुलं. ज्यांना फी परवडते त्यांनी शाळा सोडली, आणि तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याच्या (बीईओ) ऑफिसात जाऊन बोलणारीही तीच माणसं होती. मला याचं फार वाईट वाटतं.

दादा, इंग्रजीच्या ओढीनं मुलं गेली हे अर्धंच खरं. पट घटला की शिक्षक 'जादा' ठरतात, त्यांची दुसरीकडं बदली होते. मग पाच वर्ग एकाच बाई सांभाळतात, जोडीला वर्षापुरते अतिथी शिक्षक. ते बघून आणखी दोन घरं पोरं काढतात आणि पट पुन्हा खाली येतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. ते मागायला कुणीतरी जायला हवं ना!

१९५६ साली आपला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याच वर्षी घटनेत ३५०-अ कलम आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी. सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्याचं व्हायचं ते होईल. पण पहिलीत नाव घालायचं तर आपल्याच हातात आहे. मराठी शाळेत कन्नड शिकावी लागते अशी भीती कुणी घातली तर सांग, २०१५ च्या कायद्यानं कन्नड सगळ्याच शाळांत शिकवायची आहे, इंग्लिश मीडियमलाही ती चुकत नाही.

मे महिन्यात गावी जाशील तेव्हा गावकीची बैठक लाव. शाळेच्या एसडीएमसीत, म्हणजे शाळेचा कारभार बघणाऱ्या समितीत, तीन चतुर्थांश सभासद पालकच असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, तेव्हा बोलायला काकूच्या सुनेला पुढं कर. तिची मुलगी यंदा पहिलीत जाईल. दुसऱ्या शिक्षकाचा अर्ज शाळा सुरू व्हायच्या आत जाऊ दे.

पावसात ओढ्याला पाणी आलं की गवळीवाड्यावरची पोरं घरीच बसतात. त्यांच्यासाठी जून ते सप्टेंबर वडापवाला ठरव, भाडं मी दर महिन्याला तुझ्या खात्यावर पाठवीन. त्याच्याशी बोललास की आकडा कळव.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
सुमन