प्रलंबित प्रकरणे निकाली काढावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांमधील समुपदेशनावरचा आपला कालचा अग्रलेख वाचला. रात्रीच उत्तर लिहायला बसले होते. परंतु रागाच्या भरात लिहिलेले पत्र एक रात्र तसेच ठेवून सकाळी वाचावे, असे मी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्यांना नेहमी सांगत असते, म्हणून स्वतःलाही तोच नियम लावला. आज सकाळी अग्रलेख पुन्हा वाचला आणि राग होता तिथेच आहे, म्हणून हे पत्र.

शाळांना समुपदेशक मिळत नाहीत, तेव्हा शिक्षकांनाच दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन हे काम सोपवावे, कारण मायेने बोलणारा प्रत्येक शिक्षक हा मुळात समुपदेशकच असतो, असे आपण सुचवले आहे. शिक्षकांच्या मायेविषयी मला शंका नाही. मात्र ज्या निकालाचा आपण आधार घेता, तो विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २५ जुलै २०२५ चा निकाल जरा सावकाश वाचला असता, तर त्यात या दोन गोष्टी निरनिराळ्या सांगितल्या आहेत हे ध्यानात आले असते. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने लहान व किशोरवयीन मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, हा एक निर्देश आहे. शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे आणि धोक्याच्या खुणा ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे, हा दुसरा. दुसरा पाळला म्हणून पहिल्यातून सुटका होते, असे न्यायालयाने कुठेही म्हटलेले नाही. ती सोय आपल्या अग्रलेखाने शाळांना परस्पर करून दिली आहे.

राहिला प्रश्न समुपदेशक मिळत नसल्याचा. मी मिळाले होते. मानसशास्त्रात एम. ए., त्यावर समुपदेशनाची पदव्युत्तर पदविका आणि स्वतःच्या खर्चाने ज्येष्ठांच्या देखरेखीखाली केलेले काम, एवढे घेऊन मी २०१६ साली शहरातल्या एका नावाजलेल्या शाळेत रुजू झाले. आठवड्यातून तीन दिवस, तासिका तत्त्वावर, अकरा महिन्यांचा करार, दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीचे मानधन नाही. कोणाचा तास रिकामा असला की सातवीच्या वर्गावर मी, परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षणाला मी, आणि स्नेहसंमेलनात मुलांना रंग फासायलाही मीच. जी बाई दिवसभर नुसती बोलत बसते, तिला वेळच वेळ असणार, असा सर्वांचा प्रामाणिक समज होता.

समुपदेशन कक्ष म्हणून मिळालेल्या खोलीत खेळाचे साहित्यही ठेवलेले असे. दाराला आतून कडी नव्हती. एखादे मूल महत्प्रयासाने पहिले वाक्य उच्चारण्याच्या बेतात असताना दार ढकलले जाई आणि "मॅडम, बॉल" असे ऐकू येई. मी बॉल द्यायची, दार लोटायची आणि समोरचे मूल तोवर पुन्हा गप्प झालेले असायचे. कडीसाठी दोनदा अर्ज केला. कडी आली नाही, पण खोलीबाहेर 'समुपदेशन चालू आहे, शांतता राखा' अशी पाटी आली, जिच्यामुळे आत बसलेले मूल कोण हे येणारे-जाणारे आवर्जून डोकावून पाहू लागले.

तरीही खोलीबद्दल माझी तक्रार नाही, ती रजिस्टरबद्दल आहे. अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे नाव, इयत्ता व तुकडी, समस्या, आणि शेवटचा रकाना 'समाधान झाले का? होय/नाही'. हे रजिस्टर दर शनिवारी मुख्याध्यापकांच्या सहीसाठी जायचे आणि एरवी कार्यालयाच्या काउंटरवर, उशिरा येणाऱ्यांच्या रजिस्टरशेजारी असायचे. समस्येच्या रकान्यात मी सगळ्यांच्या नावांपुढे 'अभ्यासविषयक' लिहू लागले. शेवटच्या रकान्यात 'होय' आणि 'नाही' या दोहोंना छेद देऊन 'चालू' असे लिहीत असे. पहिल्या सत्राच्या शेवटी त्यावर लाल शाईत शेरा आला: 'प्रलंबित प्रकरणे निकाली काढावीत.'

नववीतली एक मुलगी सात आठवडे माझ्याकडे येत होती. तिचे काय होते ते तेव्हाही कोणाला सांगितले नाही आणि इथेही सांगणार नाही. पहिले तीन आठवडे तिने पाण्याच्या बाटलीचा पट्टा बोटाला गुंडाळण्याखेरीज फारसे काही केले नाही, आणि ते माझ्या दृष्टीने काम व्यवस्थित चालल्याचे लक्षण होते, कारण ती दर मंगळवारी न बोलावता येत होती. चौथ्या आठवड्यात ती बोलू लागली. सातव्या आठवड्यानंतर बसचे पैसे भरायला आलेल्या, तिच्याच सोसायटीत राहणाऱ्या एका पालकांनी काउंटरवरचे रजिस्टर चाळले आणि संध्याकाळपर्यंत 'तुमची मुलगी शाळेत कसले उपचार घेते' ही चौकशी तिच्या घरी पोहोचली. पुढच्या मंगळवारी ती आली, पण आत बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मॅडम, मी बरी आहे. होय लिहून टाका."

मी 'होय' लिहिले. शाळेच्या दप्तरी ते प्रकरण निकाली निघाले.

रजिस्टर कुलपात ठेवावे आणि नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा, असे मी त्यापूर्वीच लेखी कळवले होते. मुख्याध्यापकांनी सौजन्याने विचारले, "कोणत्या नियमानुसार?" आणि हा नियम मला दाखवता आला नाही, हेच माझे मुख्य दुखणे आहे. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू झाला तेव्हा तोही मी आशेने वाचून काढला. त्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आरोग्य व्यावसायिकांवर घातले आहे. परंतु मानसिक आरोग्य व्यावसायिक कोण, याच्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ आहेत, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आहेत, आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या शाखांतील त्या त्या विषयाचे पदव्युत्तर वैद्यही आहेत, फक्त समुपदेशक नाहीत. आम्ही मनोविकारांवर उपचार करत नाही आणि तसा दावाही करू नये, हे मला मान्य आहे. पण मग नववीतल्या मुलीने विश्वासाने सांगितलेली गोष्ट कोणत्या कायद्याच्या आसऱ्याला ठेवायची? गोपनीयता म्हणजे लपवाछपवी, असा आक्षेप पालक सभेत हमखास येतो, म्हणून तेही सांगते. बालकांच्या लैंगिक शोषणाची गोष्ट समोर आली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमानुसार ती कळवणे बंधनकारक आहे, आणि ते मी केले असते. तो कायदा पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवायला सांगतो. काउंटरवरच्या रजिस्टरात लिहायला सांगत नाही.

संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा, म्हणजे डॉक्टरांखेरीज आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठीचा, राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२१ साली झाला आणि त्याच्या अनुसूचीत मानसशास्त्रज्ञ, समाजकार्यकर्ते यांच्या बरोबरीने समुपदेशकांचाही उल्लेख आला, तेव्हा आम्ही काही जणींनी एकमेकींना पेढे दिले होते. राज्यात परिषद, परिषदेची नोंदवही, नोंदवहीत आपला क्रमांक, असा तो क्रम असायचा आहे. माझा क्रमांक मला अजून मिळालेला नाही. आता मी खासगी काम करते. मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा मिळावा, असे २०१७ च्याच कायद्याचे २१ वे कलम म्हणते, म्हणून एका गृहस्थांनी माझ्या पावत्या कंपनीकडे पाठवल्या. 'नोंदणी क्रमांक नमूद नाही' या कारणाने त्या परत आल्या. माझ्याकडे असलेला एकमेव सरकारी क्रमांक व्यवसाय कराचा आहे, आणि त्यापोटी वर्षाला अडीच हजार रुपये घेताना मी व्यावसायिक आहे की नाही, अशी शंका राज्य सरकारला आजवर आलेली नाही.

नोंदवहीच नसेल तर समुपदेशक कोणीही होऊ शकतो. आपल्या कालच्याच अंकात, अग्रलेखाच्या पाठीमागच्या पानावर, 'पंधरा दिवसांत प्रमाणित समुपदेशक व्हा' अशी दोन स्तंभी जाहिरात आहे. जाहिरात विभाग वेगळा असतो, हे आपले उत्तर मला ठाऊक आहे. पण पंधरा दिवसांवर आपण हसावे, तर आपल्या अग्रलेखात दोनच दिवस आहेत. शाळांनी पद मंजूर करावे, त्याला वेतनश्रेणी द्यावी, खोलीला कडी लावावी, आणि सरकारने परिषदेची नोंदवही उघडून पात्रता ठरवून टाकावी, म्हणजे समुपदेशक मिळतात की नाही हे पाहता येईल. तासिकेच्या मानधनावर गणिताचे शिक्षक टिकत नाहीत, तेव्हा गणित शिपायाने शिकवावे असे अजून कोणी सुचवलेले नाही.

आणखी एक गोष्ट, विषय निघालाच आहे म्हणून. त्याच अंकाच्या पहिल्या पानावर एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येची बातमी आहे. मथळ्यातच कारण, बातमीत पद्धत, चौकटीत चिठ्ठीतील मजकूर आणि शेजारी महाविद्यालयाच्या प्रवेशद्वाराचे छायाचित्र. आत्महत्येच्या बातम्या ठळक जागी देऊ नयेत आणि पद्धतीचे वर्णन करू नये, ही मार्गदर्शक तत्त्वे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेली आहेत. बातमीखाली मदतीचा क्रमांकही हवा होता. टेलिमानस ही दूरध्वनीवरून मानसिक आधार देणारी सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा निःशुल्क क्रमांक १४४१६ आहे आणि तिथे दिवसरात्र मराठीतून बोलता येते. एका ओळीचा मजकूर आहे. शाळांच्या भिंतींवर मदतीचे क्रमांक ठळक लावावेत असे वर उल्लेखिलेल्या निकालात म्हटले आहे. बातमीखाली ती ओळ बसवण्यासाठी आपण न्यायालयाची वाट पाहू नये, ही विनंती.

पत्र लांबले, काटछाट करण्यास हरकत नाही. माझे नाव मात्र छापू नये, कारण नावावरून शाळा आणि शाळेवरून ती मुलगी ओळखू येईल. ती आता मोठी झाली असेल, पण मला तिची परवानगी नाही. गेल्या वर्षी आपण माझे पत्र छापलेत, त्याखाली माझा उल्लेख परस्पर 'समाजसेविका' असा केला होता. मी पैसे घेऊन काम करते. या खेपेस खाली लिहिले आहे तेच राहू द्यावे.

आपली,
एक समुपदेशक